सेल उन्हात ठेवलं व्हतं का?

किसनआप्पांच्या ओट्यावर बॅटरी घेऊन कुणीही आलं, तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "या", "बसा", "पाणी घेता का" हे सगळं नंतर. आधी कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचा, बॅटरी कानाशी नेऊन एकदा हलवायची, आणि समोरच्याच्या डोळ्यात डोळे घालून विचारायचं, "सेल उन्हात ठेवलं व्हतं का?"

माणूस म्हणणार, "न्हाई ओ आप्पा."

"खरं सांगा."

"आईशप्पत न्हाई."

मग आप्पा बॅटरीचं बूड फिरवून उघडायचे. आतून पांढरी-हिरवी खरपुडी सांडायची, चुलीवर उतू गेलेल्या दुधासारखी कडेला वाळून बसलेली. आप्पा ती गोणपाटावर झटकायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्यांचं ते न बोलणं फार वाईट. दोन मिनिटांत माणूस आपणहून कबूल व्हायचा, "दोनच दिस ठेवलं व्हतं. पत्र्यावर."

आता हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या शिरूरकडं टॉर्चला बॅटरीच म्हणतात आणि आत घालतात ते सेल. सेल उतरले, उजेड पिवळा पडला, की ते उन्हात मांडायचे, ही आमची वाडवडलांपासूनची विद्या. उन्हानं सेल भरतो अशी समजूत. आणि गंमत म्हणजे एक-दोन रात्री तो चालतो की हो! तेवढ्यानंच माणूस फसतो. पुढं तोच सेल बॅटरीच्या पोटात फुगतो, फुटतो, आतलं पाणी गळतं आणि ते पत्रा, पितळ, स्प्रिंग सगळं खात सुटतं. आप्पा म्हणायचे, "म्हाताऱ्या बैलाला गूळ चारून एक दिस जुंपता यील. दुसऱ्या दिशी त्यो शेतातच बसंल, आन् बसंल तो औतावरच."

आप्पा आमचे शेजारी. दोन घरांच्या मधे एक बुटकी भिंत, तीसुद्धा उगीच नावाला. उभी हयात त्यांनी डेपोत एसटीच्या गाड्यांचे दिवे बघितले. रिटायर झाले आणि तिसऱ्या दिवशी ओट्यावर गोणपाट अंथरून बसले. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. जवळचं म्हणावं असं एकच माणूस, दौंडची थोरली बहीण, हौसाआक्का. बाकी सगळा गोतावळा मग बॅटऱ्यांचा. आमच्या भागात शेतीची लाईट रात्रीची, उसात बिबट्या, त्यामुळं घरटी एक बॅटरी असतेच. बाजाराच्या दिवशी न्हावऱ्यापासनं, मांडवगणापासनं लोक पिशवीत बॅटऱ्या घेऊन यायचे आणि आप्पा प्रत्येकीला चिकटपट्टी लावून वर मालकाचं नाव लिहायचे. "ॲडमिट केली," म्हणायचे. "चार दिसांनी भेटायला या. डबा आणू नका."

मी म्हणायची, "आप्पा, मोबाईललाच दिवा असतो आता. कशाला लागतीय बॅटरी?"

"वहिनी, उसातनं चाललाय, म्होरं बिबट्या हाय, आन् फोन आला तर? थांब रं जरा, पाव्हण्याचा फोन हाय, असं सांगायचं त्याला?"

त्यांचा काम करतानाचा थाट मात्र बघण्यासारखा होता. हाताला ते पाणी लागू नये म्हणून आप्पा दोन्ही हातांत दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवायचे आणि मनगटाला रबर लावायचे. कुणी नवीन बाई आली तर तिला वाटायचं म्हाताऱ्याचे हात भाजलेत. शेजारी दात घासायचे जुने ब्रश, आगकाड्या, पॉलिश पेपर, आणि एक पत्र्याचा मोठा डबा. त्या डब्यात मेलेल्या बॅटऱ्यांचे अवयव. स्प्रिंगा, पट्ट्या, काचा, बटणं. आमच्या घरातले ब्रश जुने व्हायच्या आधीच आप्पांची नजर त्यांच्यावर असायची. आमचे हे सकाळी दात घासत उभे असले की भिंतीवरनं आवाज यायचा, "झालाय की ओ तो ब्रश. केस बघा त्याचं कसं झाल्यात." आमच्या ह्यांचा जीव दातांपेक्षा ब्रशातच जास्त अडकायचा.

आणि सोडा! माझ्या डब्यातला खाण्याचा सोडा जेवढा आप्पांनी नेला, तेवढ्यात गावजेवणाची भजी झाली असती. त्यावरनंच त्यांची विद्या मला थोडी कळली. एकदा मी आपली हुशारी दाखवायला गेले. त्यांनी सोडा मागितला आणि सोडा संपलेला, म्हणून मी अर्धं लिंबू पुढं केलं. म्हटलं, लिंबानं तांब्या-पितळ्याची भांडी निघतात, मग बॅटरी का नाही निघायची?

आप्पांनी पिशवीतले दोन्ही हात जोडले. "वहिनी, पोटात जळजळतंय त्याला वर चिंच चारता व्हय? हा जुन्या मसाल्याचा सेल हाय. ह्याचं पाणीच आंबट. ह्याला सोडाच पायजे. आन् ते नवीन, लई दिस टिकणारं सेल येत्यात ना, त्यांचं पाणी खारं. त्यांना लिंबू. आधी रोग बघायचा, मग औषध." मग मी शेजारणीकडून सोडा आणला. त्यांनी पाण्यात कालवून ब्रशनं स्प्रिंगवर लावला, तर ती खरपुडी अशी फसफसली, की मी दोन पावलं मागं सरकले. आप्पांचा चेहरा एकदम खुलला. "फसफसलं की समजायचं, बरोबर जागी बोट ठेवलंय."

पुढचा सगळा प्रकार सावकाश. घाई केलेली त्यांना चालायची नाही. सोड्यानं खरपुडी मारायची, काडीनं सांदीकोपरा कोरायचा, ओल्या फडक्यानं पुसायचं, पॉलिश पेपरनं जिथं जिथं सेल टेकतो तेवढी जागा चमकेपर्यंत घासायची, आणि मग बॅटरी उघडी ठेवून पक्की वाळवायची. दिव्यामागचा तो गोल आरसा असतो ना, त्याला बोट लावायचं नाही. आरशाच्या बाबतीत आप्पा सोवळ्यातल्या सासूसारखे. कापसाच्या बोळ्यानं, तेही फुंकर मारून. शिंक आली तर तोंड फिरवून तीन पावलं लांब जायचे.

आणि बॅटरी परत देताना तिच्यात सेल घालून कधी द्यायचे नाहीत. लावून दाखवायचे, मग परत सेल काढून एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात सेल द्यायचे. "काम असंल तवा घालायचं, झालं की काढायचं. ह्यांचा संसार लांबनंच बरा. म्हणा, काढीन." माणसाला "काढीन" म्हणावंच लागायचं. मोठमोठ्या बागायतदारांनी आप्पांच्या ओट्यासमोर उभं राहून "काढीन, काढीन" म्हटलेलं मी ऐकलंय.

त्यातले एक बापू. चांगला तीस एकर ऊस, सोसायटीत वजन, दारात पांढरी गाडी. त्यांनी ड्रायव्हरबरोबर बॅटरी पाठवली. आप्पांनी ती तशीच परत धाडली. "रोग्याला घेऊन घरचं माणूस लागतं. ड्रायव्हरला काय इचारू?" मग बापू स्वतः आले, कपाळाला आठ्या घालून. आप्पांनी त्यांनाही तोच प्रश्न टाकला.

"छ्या! आमच्या घरात असलं कोण करतंय?"

आप्पांनी बूड उघडलं. खरपुडी काढली, बोटाच्या पिशवीवर घेतली, चष्म्याजवळ नेली. तिच्यात काहीतरी पांढरं, शेवयासारखं चिकटलेलं होतं.

"बापू, हे काय हाय?"

बापूंनी वाकून बघितलं.

"कुरडई हाय ही," आप्पा म्हणाले. "औंदा कुरडया घातल्या व्हत्या का माळवदावर?"

बापूंच्या कपाळावरच्या आठ्या उतरल्या. मग म्हणाले, "आमच्या मंडळींनी घातल्या व्हत्या. म्हनली, जागा उरलीय तर सेलबी वाळू द्या."

"मग आता कुरडया तळायच्या आधी बघून घ्या. एखादीला करंट यायचा."

बापू हसले की हो! पांढऱ्या गाडीचा माणूस ओट्यावर मांडी घालून बसला आणि चहा पिऊन गेला. जाताना "काढीन" म्हणून गेला.

असा हा दुसऱ्याच्या चुका वेचणारा माणूस. आणि म्हणूनच त्या दिवाळीच्या आधी जे झालं ते मला आठवलं की अजून हसू येतं.

झालं असं. दिवाळीला आठ दिवस होते आणि मला हौसाआक्कांचा फोन आला. फोन मला, आप्पांना नाही. मी करंज्यांचं सारण परतत होते.

"शालन, मोकळी हायस का गं?"

"बोला की आक्का."

"किसनाला काय झालंय?" आवाज असा बारीक. "फोन उचलतो, बरा हाय म्हणतो आन् ठेवतो. लॉकडाऊनच्या वर्सी भाऊबीज चुकली, ते ठीक. त्याच्या म्होरल्या दोन वर्सांत येसटी चालू, गाड्या चालू, समदं चालू. तरी आला न्हाई. मी पाट मांडून बसते आन् उचलून ठिवते. माझं काही चुकलं का गं? तुला काही बोललाय का?"

मी काय सांगणार? आप्पा आक्कांविषयी बोलायचे ते नेहमी मायेनंच. त्यांच्या आईच्या मागं आक्कांनीच त्यांना वाढवलेलं. मी सारणाखालचा गॅस बंद केला आणि भिंतीपाशी गेले.

"आप्पा, आक्कांचा फोन होता."

"बरी हाय ना?"

"भाऊबीजेला येताय का विचारत होत्या."

"गुडघा दुखतोय."

"मागच्या वर्षी पाठ दुखत होती."

"आता खाली उतरलं दुखणं."

एवढं बोलून आप्पांनी मांडीवरचं काहीतरी हळूच गोणपाटाखाली सरकवलं. त्या दिवशी त्यांनी सकाळपासून तीनदा सोडा नेला होता आणि ओट्यावर ॲडमिट बॅटरी तर एकच होती, तीही बरी झालेली. मी भिंतीला वळसा घालून गेले आणि गोणपाट उचललं.

खाली पितळेची लांब बॅटरी. तीन सेलची, जुन्या घडणीची, जड. बुडाकडची बाजू हिरवीगार झालेली, आणि झाकण असं बसलेलं की जन्मात निघायचं नाही. ही बॅटरी मी ओळखत होते. आक्कांच्या मालकांची, म्हणजे आप्पांच्या दाजींची. दाजी दौंडला रेल्वेत, गाडीच्या डब्यांखाली वाकून चाकं तपासायचे ते ह्या बॅटरीच्या उजेडात. ते गेल्यावर आक्कांनी त्यांचं बाकी सगळं वाटून टाकलं, एवढी एक बॅटरी ठेवली. आणि तिचं बटण अडकायला लागलं तेव्हा मोठ्या विश्वासानं भावाकडं दिली.

आता देवानं मला तोंड दिलंय ते असल्या वेळी गप्प बसत नाही. मी म्हटलं, "आप्पा, सेल उन्हात ठेवलं व्हतं का?"

आप्पांनी चष्मा काढला. "न्हाई. त्याच्यापरीस वाईट. आतच ऱ्हाऊ दिलं."

बटण त्यांनी एका दिवसात नीट केलं होतं. करून इतका आनंद झाला, की नवे सेल घालून दहा वेळा लावली, विझवली, धोतराच्या पानात गुंडाळली आणि ट्रंकेत ठेवली. आठ दिवसांनी दौंडला न्यायची होती. तेवढ्यात सगळं बंद झालं. मग आजारपणं, मग काय काय. ट्रंक उघडली तोवर बॅटरीची ही गत.

"गावाला मी शपता घालतो, वहिनी," आप्पा म्हणाले. "आन् आक्काला काय सांगू? दाजींची एक वस्तू राहिली व्हती, ती म्या खाल्ली?"

"मग हेच जाऊन सांगा."

"लागल्याबिगर न्यायची न्हाई."

"तीन वर्षं बहिणीला तोंड दाखवलं नाहीत, ते बॅटरीसाठी?"

"कुठल्या तोंडानं जायचं?" एवढंच बोलले आणि परत ब्रश हातात घेतला.

मी घरात गेले आणि शिवणाच्या मशीनची तेलाची बुधली आणली. सोड्यानं झाकण हलत नव्हतं, पण तेल कुठंही शिरतं. त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ आट्यांवर थेंब थेंब सोडला. दुसऱ्या दिवशी आप्पांनी सायकलची ट्यूब कापून झाकणाला गुंडाळली आणि ते एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला अशा दोघांनी उलट्या बाजूंनी पिळायला सुरुवात केली. आमचे हे दारातनं म्हणाले, "गोधडी पिळताय का दोघं?" आणि हसू आलं म्हणून माझा हात सुटला, आप्पा गोणपाटावर मागं पडले. पडले ते झाकण हातात घेऊनच! निघालं होतं.

दोन सेल आपटून बाहेर आले. तिसरा आत फुगून बसलेला. आप्पांनी त्याच्या पाठीत एक स्क्रू फिरवून रुतवला, स्क्रूला सुतळी बांधली आणि ओढला, तर अर्धा सेल आला. उरलेला त्यांनी दीड दिवस काडीनं कोरून काढला, दातातनं सुपारी काढावी तसा. मग सोडा. मग धुणं, पुसणं. मग उन्हात बॅटरी उघडी मांडली. येणारा-जाणारा बघायचा आणि म्हणायचा, "आप्पा, तुम्हीबी उन्हात?"

"बॅटरी मांडलीय, सेल न्हाई! फरक कळतो का?" आप्पा खेकसायचे. तेवढ्यापुरते जुने आप्पा दिसायचे.

स्प्रिंग पार खाल्लेली. डब्यातून एका मेलेल्या बॅटरीची बसवली. आतली पितळी पट्टी कापून नवी घातली. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी नवे सेल घातले आणि बटण दाबलं. लागली! मी टाळ्या वाजवल्या. आप्पा म्हणाले, "पिवळा हाय उजेड."

"अहो पण लागली ना?"

"आन् हे?" त्यांनी बुडाजवळ बोट ठेवलं. पितळेला तांदळाच्या दाण्याएवढं भोक पडलं होतं. आतल्या पाण्यानं खाल्लेलं. "हे कसं भरू? पुण्याला न्हेऊन मुलामा द्यावा का? मग म्होरल्या वर्सी..."

मी म्हटलं, "आप्पा, पुढल्या वर्षी आक्का असतील की नाही, तुम्ही असाल की नाही, ते ह्या भोकाला विचारा. परवा भाऊबीज. मला दौंडला मावशीकडं जायचंय. सात वाजता स्टँडवर या."

मावशी वगैरे काही नव्हती. पण आप्पा सात वाजता स्टँडवर होते. इस्तरीचं धोतर, डोक्याला पांढरी टोपी, आणि मांडीवर पिशवी. न्हावरं गेलं, चौफुला गेला, पाटसला गाडी उसाच्या ट्रॅक्टरमागं अर्धा तास रांगली, तरी पिशवीतला हात काही बाहेर आला नाही. अंगठा त्या भोकावर दाबून धरलेला. जणू भोक वाटेत मोठं होणार होतं.

आक्कांचं घर रुळांच्या पलीकडं. मुलगा ड्युटीवर, सून स्वयंपाकात. आक्कांनी दार उघडलं, भावाकडं बघितलं आणि "ये"सुद्धा म्हणाल्या नाहीत. नुसत्या वळल्या, भिंतीला उभा केलेला पाट घेतला आणि मांडला. रांगोळी आधीच काढून ठेवलेली. आप्पा बसले. आक्कांनी कुंकू लावलं, ओवाळलं. आप्पांनी पिशवीतून बॅटरी काढून ताटात ठेवली, पण अंगठा उचलेनात. ताट दोघांच्या हातात अडकलं.

"बोट काढ," आक्का म्हणाल्या.

आप्पांनी अंगठा काढला.

आक्कांनी वाकून बघितलं. भोक बघितलं, हिरवे डाग बघितले.

"आक्का, म्या सेल काढायला इसरलो," आप्पा म्हणाले. पाटावर बसलेला पंचाहत्तरीचा माणूस, मान अशी खाली घातलेली. "तीन वर्सं झाली. दाजींची वस्तू खराब झाली माझ्या हातनं. म्हणून आलो न्हाई."

आक्कांनी ताट खाली ठेवलं. "ह्याच्यापायी?"

"व्हय."

"ह्या बॅटरीपायी?"

"व्हय गं."

"अरं मेल्या!" आणि आक्का मटकन खालीच बसल्या. "लॉकडाऊनात म्या तुला फोनवर म्हटलं, घरात लहान लेकरू हाय, तू येऊ नगंस. ते तुला लागलं आसं मी धरून चालले! तीन वर्सं! भाऊ दारात येतो म्हणाला आन् म्या नको म्हटलं, म्हणून रडले रं मी. सुनेला इचार."

सून आतूनच म्हणाली, "लई रडल्या. मला झोपू न्हाई दिलं."

"ते व्हय?" आप्पा म्हणाले. "ते तर माझ्या ध्यानातबी न्हाई."

"तुझ्या ध्यानात काय ऱ्हातंय! सेल ऱ्हाईना!" आक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि त्याच पदराच्या हातानं भावाच्या टोपीवर एक टप्पल मारली. टोपी तिरकी झाली. ती सरळ करायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मला जेवायला बसवत होत्या, पण मी मावशीचं नाव सांगून उठले. आप्पांना त्यांनी आठ दिवस ठेवून घ्यायचं ठरवलं होतं. आठाचे पंधरा झाले, मग फोनवर आप्पा म्हणाले, गोणपाट आन् डबा कुणाबरोबर तरी लावून द्या. दिला. पुढं दोन पावसाळे ते दौंडलाच राहिले आणि तिथंच गेले. माझं जाणं व्हायचं राहून गेलं. त्यामुळं मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या भाऊबीजेच्या दुपारी, रिक्षात बसता बसता, उघड्या दारातून.

आप्पा पाटावर, तिरक्या टोपीत. समोर वाढलेलं ताट. हातात बॅटरी.

"आक्का, बटण दाबून तरी बघ."

"जेव आधी."

"एकदाच बघ. नवी पट्टी घातलीय."

"किसना, बासुंदी निवतीय."

आप्पांनी मग स्वतःच बटण दाबलं. आक्का पाठमोऱ्या, गॅससमोर पुऱ्या तळत होत्या. त्यांच्या पाठीवर भर दुपारी एक पिवळा गोल उजेड पडला. त्या वळल्या नाहीत. झाऱ्यानं पुरी उलटली आणि म्हणाल्या, "अजून दोन घेणार ना?"